माझं जरा सोसा

उजवा हात कोपरात वाकवून पुढं करायचा, पंजा पालथा धरायचा आणि हवेतच दोनदा हळूच खाली दाबायचा. गोठ्यातलं वासरू बुजलं की करतात ना, तसं. आणि तोंडानं एकच शब्द, "दमानं." आमच्या रेल्वे फाटकावरच्या गेटमन भाऊंची ही खूण मी अकरा वर्षं जवळजवळ रोज पाहिली. खोटं कशाला सांगू, त्यातली पहिली काही वर्षं ती पाहिली की माझं डोकंच फिरायचं.

मी राहते तळेगावात आणि शाळा माझी रुळांच्या पलीकडच्या गावात. आठवी ते दहावी इंग्रजी शिकवते. स्कूटीवर बारा मिनिटांचा रस्ता, पण मधे हे फाटक. बेगडेवाडीच्या अलीकडं, दोन्ही अंगांना भाताची खाचरं, एक जुना उंबर आणि रुळांना लागून भाऊंची एका खोलीची केबिन. मी दहा वाजून पाच मिनिटांनी तिथं पोचणार आणि दहा वाजून चार मिनिटांनी दांडा खाली आलेला असणार, हे ठरलेलंच.

तुम्हीही कधी ना कधी फाटकात अडकला असाल. तिथं माणसं बरोबर कळतात. कुणी इंजिन बंद करून निवांत तंबाखू मळतं. कुणी रांग सोडून उजव्या अंगानं पार पुढं येऊन उभं राहतं आणि फाटक उघडलं की सगळ्यांचा खोळंबा करतं. आणि कुणी गाडी जाईपर्यंत हॉर्न वाजवत बसतं, जसं काही ते ऐकून आगगाडी ओशाळून लवकर येणार आहे. मी या शेवटच्या जातीतली.

"अहो भाऊ, गाडीचा अजून पत्ता नाही. पाच मिनिटं झाली."

"दमानं, बाई. टेसनातनं नंबर आल्याबिगर दांडा हलत न्हाई."

तो नंबर म्हणजे काय हे मला नंतर कळलं. स्टेशनातून फोन येतो, तिकडचा माणूस एक आकडा सांगतो, गेटमन आपला आकडा सांगतो, दोघंही लिहून ठेवतात आणि मग फाटक लागतं. उघडायचं तरी तीच रीत. भाऊ तो आकडा तीनदा म्हणायचे, तिसऱ्यांदा स्वतःशीच. मला वाटायचं, माणूस मुद्दाम वेळ काढतोय.

ते पन्नाशीचे असतील. जवळच्याच गावचे, घरी दोन भाऊ शेती बघायचे आणि हे एकटे रेल्वेत. अंगात निळा शर्ट, खिशात हिरवी आणि लाल अशा दोन झेंड्या गुंडाळलेल्या. केबिनबाहेर तेलाच्या डब्यांमध्ये झेंडू आणि एक कढीपत्ता. खुर्ची होती, पण गाडी जाईपर्यंत तिच्यावर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. बोलणं इतकं सावकाश, की एक वाक्य संपेपर्यंत माझी मनातल्या मनात तीन होऊन जायची.

एकदा मी फार मोठा मूर्खपणा केला. शाळेत तपासणीला साहेब येणार होते, उशीर झाला होता आणि दोन्हीकडं रूळ लांबवर मोकळे दिसत होते. दोन पोरांनी बाइक आडवी करून दांड्याखालून काढली, म्हणून मीही स्कूटी तिरकी केली. निम्मी आत गेले असेन, तेवढ्यात भाऊ समोर येऊन उभे राहिले. पुढच्या चाकाला अगदी गुडघे टेकवून. ओरडले नाहीत. पालथा पंजा, दोनदा खाली. मी चरफडत गाडी मागं घेतली आणि बोलायला तोंड उघडलं, तर वळणावरून मेल आली. तिचा वारा माझ्या पदरात शिरला. भाऊंनी हिरवी झेंडी धरली, गार्डाच्या डब्याला हात केला, परत येऊन म्हणाले, "बाई, पानी पिनार का?" मी प्यायले. 

त्या दिवसापासून मी हॉर्न वाजवायचं सोडलं. धीर आला असं मात्र समजू नका. मनातल्या मनात वाजवतच होते.

मग एका सोमवारी ते स्वतःहून माझ्याजवळ आले.

"बाई, तुमी विंग्रजीच्या ना? वाईच थांबा असं विंग्रजीत कसं म्हनायचं?"

"कशाला हो?"

"शनवारी-आयतवारी लय मोटारी येत्यात. पवना धरणाकडं, फार्म हाऊसला. हॉर्न मारत्यात, काच खाली करून विंग्रजीत बोलत्यात. त्यांच्या भाषेत सांगितलं तर ऐकतील, म्हनून."

मी घाईतच होते, दांडा वर चालला होता. जे तोंडात आलं ते फेकलं. "होल्ड युअर हॉर्सेस म्हणा. म्हणजे आपले घोडे आवरा." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी केबिनच्या भिंतीला पाटी टांगलेली. आपली लहानपणची दगडी पाटी, लाकडी चौकटीची. वर खडूनं ठसठशीत अक्षरात 'होल्ड युअर हॉर्सेस' आणि खाली 'घोडं आवरा'. इंग्रजी शब्द, पण सगळं देवनागरीत. मी म्हटलं, "भाऊ, अहो इंग्रजी अक्षरात लिहा की." तर म्हणाले, "माझी ईबीशीडी म्हंजे कोंबडीनं उकरल्यावानी. हेच बरं."

त्या पाटीपायी त्याच आठवड्यात राडा होता होता राहिला. आमच्या मावळात बैलगाड्यांच्या शर्यतींचं वेड तुम्हाला माहीत असेलच, आणि शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते हेही. सुदुंबऱ्याचे एक आबा टेम्पोत आपली घोडी घालून कुठल्याशा यात्रेला निघालेले, ते नेमके फाटकात अडकले. पाटी वाचली आणि खाली उतरले. "कोन म्हनतं आमचं घोडं आवरा? नंबरातली घोडी हाय ती. कुनाच्या बापाला आवरायची न्हाई." भाऊंनी हाताची खूण केली, ती आबांनी पाहिली नाही. घोडीनं पाहिली असावी, कारण ती पाय आपटायची थांबली. भाऊंनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, घोडीचं नाव विचारलं. गाडी येऊन गेली, फाटक उघडलं, तरी आबा घोडीचे पराक्रम सांगतच होते. मागच्या गाड्यांनी बोंबाबोंब केली तेव्हा कुठं निघाले.

"बाई, दुसरं द्या कायतरी," भाऊ मला म्हणाले. "ह्ये हितं चालायचं न्हाई."

मग मी 'कीप युअर शर्ट ऑन' दिलं. माझ्यातही एक वांड पोर आहेच. एप्रिलचा महिना, ट्रॅक्टरवर उघडे बसलेले दोन गडी ती पाटी वाचून एकमेकांकडं बघायला लागले आणि एकानं खरोखरच खांद्यावरचा शर्ट अंगात घातला. खाली भाऊंनी लिहिलं होतं, 'तापू नका'. हा अर्थ मी सांगितला नव्हता. मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की साहेब लोक भांडायला उठले की आधी शर्ट काढत असतील. अर्थ त्यांचा त्यांनीच लावला आणि बरोबर लावला.

तेव्हापासून ते सुरूच झालं. रोज एक. 'सिट टाइट' खाली 'हाय तितंच बसा'. 'हँग इन देअर' खाली 'सोडू नका, आलंच'. 'बाइड युअर टाइम' खाली 'आपली पाळी येती'. मी वीस वर्षं फळ्यावर अर्थ लिहून देते, ते गाईडातले. भाऊंचे अर्थ वाचून फाटकातली माणसं मान हलवायची. पुण्याच्या मोटारीतली मंडळी तर उतरून पाटीचे फोटो काढायला लागली. हॉर्न खरंच कमी झाले.

एकदा मी विचारलं, "भाऊ, सगळी धीराचीच का? इंग्रजीत दुसरंही बरंच आहे."

"फाटकावर आनिक काय लागतंय, बाई?" ते म्हणाले. मग थांबले. त्यांचं वाक्य संपलेलं नव्हतं, पण मला उशीर होत होता. मी निघाले.

त्यांचं उरलेलं वाक्य मला पंधरा दिवसांनी कळलं. केबिनच्या खिडकीत एक वही उघडी पडली होती. रोजची पाटी तीत उतरवलेली, पण इंग्रजी लिपीत, नीट, रेघ मारून. स्पेलिंग चुकलेलं असेल तिथं खोडून परत लिहिलेलं. अक्षर मुलीचं होतं आणि ते मी ओळखलं. तपासून तपासून डोळ्यांत बसतात अक्षरं.

"ही वही कुणाची, भाऊ?"

"माझ्या रोहिनीची. तुमच्याच शाळेत व्हती की. मी हितनं शब्द कानानं घेऊन जातो, ती घरी त्याचं सपेलिंग हुडकती. एवडंच काम आपल्याला येतं."

रोहिणी. शेवटून दुसरा बाक, खिडकीकडचा. दहावीला काठावर सुटली होती. त्यानंतर बारावीला बाकी सगळे विषय सुटले आणि इंग्रजी राहिलं, एकदा नाही, दोनदा. तिला नर्स व्हायचं होतं. बारावी झाल्याशिवाय नर्सिंगला कुणी उभं करत नाही. घरात चुलत्यांनी सांगून टाकलं होतं, की ही तिसरी खेप शेवटची. मार्चमध्ये सुटली तर ठीक, नाहीतर चाकणकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं, मे महिन्यात लग्न. भाऊंनी हे सगळं सांगायला दोन गाड्या घेतल्या. मी पहिल्यांदाच त्यांना मधे तोडलं नाही.

तुम्हाला सांगते, रोहिणी ढ नव्हती. ती तिच्या बापासारखी होती. प्रश्न विचारला की उभी राहायची, खिडकीबाहेर बघायची आणि उत्तर मनात नीट जुळवायची. जुळलं की बोलणार. पण वर्गात साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास आणि माझा स्वभाव. तिनं "द पोएट..." म्हणेपर्यंत माझं "बस खाली, नेक्स्ट" होऊन जायचं. तीन वर्षं ती माझ्या वर्गात होती आणि त्या तीन वर्षांत तिचं एक पूर्ण वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. पुढंपुढं ती उभी राहिली की नुसती माझ्या 'नेक्स्ट'ची वाट बघायची. हे भाऊंना ठाऊक नाही, या गोष्टीचा मला त्या दिवशी केवढा आधार वाटला. आजही सांगायला लाज वाटते.

"तिला म्हणावं, मी शिकवते," मी म्हटलं.

"घरी यायला लांब पडंल तिला. तुमालाबी टाइम न्हाई."

"इथंच. मी नाहीतरी रोज दहा मिनिटं इथं सडतेच."

भाऊ हसले. असं ठरलं. सकाळी बापाची भाकरी घेऊन रोहिणी फाटकावर यायची. उंबराखाली रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरची बैठक होती, तिच्यावर आम्ही बसायचो. दांडा पडला की तास सुरू, दांडा उठला की तास संपला. कधी सहा मिनिटं, कधी पंधरा. घंटा नाही, हजेरी नाही.

पहिल्याच दिवशी मी धड्यावरचा एक प्रश्न विचारला. ती उंबराकडं बघायला लागली. माझ्या जिभेवर 'नेक्स्ट' आलं, पण नेक्स्ट होतं कोण? आणि जाणार कुठं, समोर दांडा. तेवढ्यात गाडी आली. धडधड सुरू झाली, बोलण्याचा प्रश्नच नव्हता. मी गप्प बसून डबे मोजले. शेवटचा डबा गेला, आवाज पातळ झाला आणि रोहिणीनं उत्तर दिलं. सबंध. चार वाक्यं, मधे एक चूक, तीही तिची तिनंच सुधारली. मी तिच्याकडं बघतच राहिले.

"हे तुला येत होतं?"

"येतंय बाई. पण यायला टाइम लागतो."

मला त्या क्षणी रडूच यायचं बाकी होतं. भाऊ चाक फिरवून दांडा वर घेत होते, आमच्याकडं त्यांची पाठ होती.

चार महिने तास चालला. पेपरात ती प्रश्न सोडून का येते, हेही कळलं. उत्तर पूर्ण जुळल्याशिवाय ती कागदाला पेन लावत नसे आणि मग वेळ संपायचा. आम्ही त्यावरच काम केलं. चुकलं तरी लिही, मग सुधार, असं मी तिला शिकवलं. तिनं मला काय शिकवलं ते तुम्ही ओळखलंच असेल. रांगेतली माणसंही सामील झाली होती. दूधवाला थांबल्या थांबल्या विचारायचा, "काय रोहिणी, किती चॅप्टर राहिलं?" शर्यतीच्या घोडीचे आबासुद्धा एकदा म्हणाले, "पोरगी पास झाली तर पेढे माझ्याकडून."

परीक्षा उजाडली. इंग्रजीचा पेपर पहिलाच असतो, केंद्र तळेगावात. साडेदहाला वर्गात बसलं पाहिजे असा नियम. मी त्या दिवशी शाळेला जरा लवकरच निघाले होते, म्हटलं वाटेत भेटेल, धीर देईन. दहाच्या आत फाटकावर पोचले, तर दांडा खाली आणि रुळांच्या पलीकडं, त्या बाजूच्या दांड्याला चिकटून, चुलतभावाच्या बाइकवर मागं रोहिणी. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र. घरून वेळेवर निघाले होते, वाटेत बाइकचं चाक बसलं, त्यात अर्धा तास गेला.

एक मेल गेली. मला वाटलं, आता उघडेल. भाऊ फोनवर बोलले आणि बाहेर येऊन उभे राहिले. दांडा तसाच. मागून मालगाडी होती. घरात भाऊंना नाना म्हणत. रोहिणीचा चुलतभाऊ तिकडून ओरडला, "नाना, उघडा की. पेपर हाय तिचा."

भाऊंनी परत फोन केला. नंबर मिळाला नाही. रांगेतली माणसं एव्हाना ओळखीची झालेली, सगळीच बोलायला लागली. "भाऊ, तुमचीच पोर हाय." "अर्ध्या मिनटाचं काम." दूधवाला दोन्हीकडं बघून आला. "पार वळनापतुर मोकळं हाय. गाडी राहू द्या, तिला एकटीला दांड्याखालून येऊ द्या. मी हात धरून आनतो."

आणि मीही गेले हो त्यांच्यापाशी. मेलचा वारा पदरात शिरलेली मी. म्हटलं, "भाऊ, वर्षाचा प्रश्न आहे. तिच्या आयुष्याचा आहे. पाच सेकंद लागतील."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा घामानं डबडबला होता, हातातली झेंडी नुसती मुठीत आवळलेली. "बाई, रोज समद्यांना हात करतो. तुमालाबी केला. आज माझी पोरगी खालनं गेली, तर उद्या कंच्या तोंडानं कुनाला थांबवू?" मग जरा थांबले. मीही थांबले. "आन वळनापतुरच दिसतंय, बाई. त्याच्याफुडचं मला दिसत न्हाई."

त्यांच्या मागं भिंतीवर पाटी होती. सकाळी सहाला ड्युटीवर आल्यावर लिहिलेली, 'बेअर विथ मी', आणि खाली, 'माझं जरा सोसा'.

भाऊ दांड्यापर्यंत चालत गेले आणि रुळांपलीकडच्या लेकीकडं बघून हात पुढं केला. पालथा पंजा, दोनदा खाली.  रोहिणी बाइकवरून उतरली. मला वाटलं येते आता खालून. ती कडेच्या दगडावर बसली, पॅड मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून काहीतरी म्हणायला लागली.

पुढची सात मिनिटं त्या रुळांवरून चिमणीसुद्धा गेली नाही. ती तीनदा इकडं येऊन तीनदा परत गेली असती. भाऊंना ते कळत नव्हतं का? मिनिटामिनिटाला कळत होतं. मी मात्र त्या सात मिनिटांत आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखं एक काम केलं. स्कूटी वळवली, रांगेच्या कडेकडेनं पार शेपटाला नेली आणि तळेगावच्या दिशेला तोंड करून चालू ठेवली. दूधवाल्याला सांगितलं, "दांडा हलला की तिला पळत माझ्याकडं पाठव."

मालगाडी एकदाची आली आणि संपता संपेना. मग फोन वाजला, भाऊंनी आकडा घेतला, तोही तीनदा म्हणून, आणि चाक फिरवलं. रोहिणी दोन्ही बाजूंच्या गाड्यांमधून धावत आली. बापाशी एक शब्द बोलली नाही, वेळच नव्हता. माझ्या मागं बसली, आणि मी जी सुटले. जन्मभर ज्या घाईबद्दल नवऱ्याची, सासूची बोलणी खाल्ली, ती घाई त्या दिवशी एकदाच कुणाच्या उपयोगी पडली. केंद्राचं दार लोटत होते तेव्हा आम्ही पोचलो. आत जाताना ती वळली आणि म्हणाली, "बाई, नानांना सांगा, मी पोचले." पोचले म्हणून सांगायला मी उलट फाटकावर गेले. भाऊ प्रथमच खुर्चीवर बसलेले दिसले. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, उठले आणि कढीपत्त्याला पाणी घालायला लागले. शाळेत माझी अर्धी रजा लागली ती लागली.

रोहिणी पास झाली. मार्क विचारू नका, इंग्रजी सुटलं. घोडीवाल्या आबांनी खरंच पेढे आणले आणि फाटकात अडकलेल्या सगळ्यांना वाटले. भाऊंनी त्या दिवशी पाटी कोरी ठेवली होती. म्हणाले, "आज काय सुचलंच न्हाई."

त्यानंतर दोन वर्षांनी रुळांखालून भुयारी रस्ता झाला आणि फाटक कायमचं बंद केलं. भाऊंची निवृत्तीही त्याच सुमाराला आली. शेवटच्या दिवशी त्यांनी पाटी पुसून, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी ती घरी दारामागं, स्कूटीच्या किल्लीच्या खिळ्यावर अडकवली आहे. आता मी अर्ध्या मिनिटात पलीकडं निघते. कुणी हात करत नाही. शाळेत मात्र आधीपेक्षा लवकर पोचते असं नाही, कसं कोण जाणे.

भाऊ गेले त्याला आता वर्ष होईल. शेवटची भेट झाली ती त्याच्या दोन महिने आधी, त्यांच्या घरी. त्यांना लकवा झाला होता, उजवी बाजू गेलेली, बोलणं फार जड झालेलं. रोहिणी लोणावळ्याकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे, त्या दिवशी तिची सुट्टी होती. वडलांना टेकून बसवून ती त्यांना वाटीतून पेज भरवत होती. घाई नाही. एक घास, मग वाट बघायची, मग दुसरा.

मला पाहून भाऊंचे डोळे ओळखीचे झाले. "बाई," ते म्हणाले. ओठ नुसते हलत राहिले. मग कष्टानं, "वर्गात..."

मला राहवलं नाही. "वर्गात ना? चाललंय की, यंदा पट जरा कमी झालाय, पण..."

समोरून हात पुढं आला. पालथा पंजा, दोनदा खाली. रोहिणीचा.

"दमानं, बाई," ती म्हणाली. "त्यांचं व्हायचंय अजून."

 चुलीवर काहीतरी रटरटत होतं. बाहेर कुणाचीतरी बाइक आली, थांबली, गेली. भाऊ पत्र्याच्या आढ्याकडं बघत होते आणि एकेक शब्द जुळवत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले.

"वर्गात... पोरांसाठी... थांबता का... आता?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी त्यांना पहिला शब्द दिला त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. घरी येऊन लेकीनं सांगितलंच असणार, की बाई मला बोलूच देत नाहीत. आणि त्याच बाईकडं हा माणूस रोज सकाळी येऊन धीराचा एक शब्द मागत राहिला, रागाचं एक अक्षर न काढता.

मी लगेच हो म्हणणार होते. पण ते सगळं खरं नव्हतं. किती खरं आहे ते बघायला मला वेळ लागला. भाऊ माझ्याकडं बघत होते, रोहिणी वाटी हातात धरून बसली होती. दोघांपैकी कुणीही मला घाई केली नाही.